बाळंतिणीच्या खोलीतली बिननळीची शेगडी

धूर निघतो तोवर आगीला भ्यायचं कारण नसतं. डोळे चुरचुरतात, खोकला येतो, माणूस शिव्या देत उठतो आणि बाहेर जातो. भ्यायचं ते धूर संपल्यावर. निखारा लाल होऊन गप बसला, खोली उबदार झाली, डोळ्यांवर झापड आली, की तिथं बसू नये. हे मला शाळेत कुणी शिकवलं नाही. शाळा माझी चौथीतच सुटली.

यंदाच्या थंडीत माझी धाकटी पोरगी आणि तिचं नुकतं जन्मलेलं लेकरू अशाच एका खोलीत होतं. दार लावलेलं, खिडकी बुजवलेली, आत शेगडी. तेच सांगायला बसलोय. पण आधी त्या शेगडीचं सांगितलं पाहिजे, आणि ती सांभाळणाऱ्या बाईचंही. ती बाई म्हणजे माझी बायको. श्रावणात गेली.

लग्न झालं तेव्हा मी यावलला लाकडाच्या वखारीत होतो. सातपुड्यातून लाकूड यायचं, आम्ही कापायचो. राहायला धाब्याचं घर, मातीचं. छताला धूर जायला एक भोक आणि त्यावर बूड फुटलेलं मडकं उलटं घातलेलं. ती आली आणि पहिल्याच आठवड्यात तिनं आधीची चूल फोडली. म्हणाली, "ही चूल आहे का म्हशीची गव्हाण?" तांबडी माती, शेण आणि गव्हाचा भुसा तुडवून तिनं नवी घातली. बाजूला वैल काढला, म्हणजे एका जाळावर भाकरी आणि दुसरीकडे डाळ. चुलीचं तोंड तिनं भोकाच्या बरोबर खाली घेतलं होतं. मला वाटलं उगाच घेतलं. दिवाळीनंतर कपाशी उपटली की शेतकरी पऱ्हाट्या फुकट द्यायचे. पऱ्हाटी कागदासारखी भरभर जळते, बाईला जागचं हलू देत नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, त्याच चुलीवर खापर पालथं घालून ती पुरणाचे मांडे करायची. हाताच्या कोपरापर्यंत पसरलेला मांडा खापरावर टाकताना तिचं तोंड जाळासमोर लालभडक व्हायचं.

मग वखारीतला भुसा फुकट मिळतो म्हणून भुशाची शेगडी आली. पत्र्याचा डबा, खाली बाजूला भोक. मध्ये बाटली उभी धरायची, भोवती भुसा ठोकून ठोकून भरायचा, बाटली हलकेच ओढून काढायची आणि खालून पेटवायचं. एकदा पेटली की सकाळचा सगळा स्वयंपाक होऊन दुपारचं पाणीही तापायचं. भुसा ओला निघाला तर मात्र घरात बसवत नसे. पुढं सरकारी बिनधुराची चूल आली, सिमेंटच्या नळीची. गल्लीत सगळ्यांनी बसवली आणि वर्षभरात जवळपास सगळ्यांनी नळी काढून टाकली. कुणाच्या नळीत चिमणीनं घरटं केलं, कुणाला नळीचा उपयोग कोंबड्यांच्या खुराड्याला झाला. तिनं मात्र नळी काढली नाही. काठीला चिंधी बांधून काजळी खरवडायची. गल्लीतल्या बाया हसायच्या. "हाई देखा, नळी धुस, जसं काय देवनं भांडं."

तिला नळीचं वेड का लागलं ते सांगतो.

वखारीत एक राखणदार होता आणि त्याची बायको. पत्र्याची खोली, एवढीशी. त्या वर्षी थंडी फार होती. त्यांनी घमेल्यात निखारे घेतले आणि खोलीत ठेवले. उजाडलं तरी वखारीचं फाटक उघडेना, म्हणून मालकानं मला पाठवलं. दाराला आतून गोणपाट कोंबलं होतं. मी खांदा लावला. आत दोघं गोधडीत. मला वाटलं झोपलेत. गाल लाल, ओठ लाल, जत्रेत रंग लावल्यासारखे. इतकी चांगली झोपलेली माणसं मी पाहिली नव्हती. हात लावला आणि कळलं. घमेल्यात राख होती, धुराचा वासही नव्हता.

मी घरी आलो आणि ओट्यावर बसून राहिलो. तिनं विचारलं तसं सांगितलं. ती उठली, बाहेरून एक वीट आणली आणि आमच्या दाराच्या उंबऱ्यात आडवी ठेवली. तेव्हापासून घरात विस्तव आणि दार बंद, असं कधी झालं नाही.

ती बिडाची शेगडी त्यानंतरची. भुसावळला रेल्वेच्या जुन्या बंगल्यांतलं सामान भंगारात निघालं, त्यातली. साहेब लोकांची, खोली तापवायची, लाकडावर चालणारी. ओतीव लोखंडाची, पोट सुटलेली, तीन वाकडे पाय, पुढं छोटं दार, खाली राखेचा खण, पाठीला गोल भोक. त्या भोकाला नळी लागायची आणि नळी भिंतीतून बाहेर जायची. नळी भंगारवाल्यानं आधीच विकली होती. वरचं झाकणही गेलेलं. आम्ही आणली कारण पोटात निखारे खूप मावायचे आणि बीड एकदा तापलं की तासन्‌तास ऊब देई. पाठीच्या भोकावर लोहारानं पत्रा ठोकून दिला. आमच्याकडे अशा शेगड्या अजून चार-दोन घरांत असतील, सगळ्या बिननळीच्या. साहेबानं ज्यासाठी भोक ठेवलं तेच आम्ही बुजवलं. ती म्हणाली, "नळी नाही ना, मग दार हीच नळी."

आमच्या पोरांची बाळंतपणं त्याच शेगडीच्या शेकावर झाली, गल्लीतल्या बायांचीही. खान्देशात बाळंतिणीला शेक लागतोच. बाजेखाली विस्तव, अंगाला तेल, ओवा-बाळंतशेपाची धुरी, डोक्याला फडकं. शेक द्यायला लोक तिला बोलवायचे. तिची पद्धत ठरलेली. बाभळीचं लाकूड अंगणात पेटवायचं, धूर आणि निळी ज्योत दोन्ही सरेपर्यंत तिथंच ठेवायचं, मग निखारे घमेल्यात घेऊन आत शेगडीत ओतायचे. उंबऱ्यात वीट. समोरची खिडकी हातभर उघडी. शेक संपला की निखारे परत बाहेर. म्हाताऱ्या बाया म्हणायच्या, "वारा लागेल बाळंतिणीला." ती म्हणायची, "वारा लागला तर खोकला येईल, खोकल्याला काढा आहे."

तिला स्वतःला मात्र काढा लागू पडला नाही. छाती भरत गेली. दवाखान्यात फोटो काढला तर डॉक्टर म्हणाले, बिडी ओढता का? तिनं आयुष्यात बिडी हातात धरली नव्हती. चुलीचा धूर, म्हणाले. सगळ्यांना नळी लावायला सांगणारी बाई धुरानंच गेली. धूर हळूहळू नेतो, एवढाच फरक. श्रावणात, पाऊस उघडलेला असताना, दुपारची. मी ओट्यावर बसून आतून येणारा तिच्या श्वासाचा आवाज ऐकत होतो आणि तो थांबला. सुतकात घरात चूल पेटत नाही. धुळ्याला राहायला आल्यापासून आमच्याकडे चूल नव्हतीच, गॅस होता. तरी गॅस पेटवला नाही. गल्लीतून पिठलं-भाकरी येत होती. गिळत होतो.

तेव्हा धाकटीला दिवस गेले होते. लग्नाला बरीच वर्षं होऊन, दवाखाने फिरून, आशा सोडल्यावर. बायकोला ते कळलं होतं. मऊ जुनी लुगडी फाडून तिनं लंगोटांचा ढीग करून ठेवला होता. वापरायला ती राहिली नाही.

पोरगी बाळंतपणाला धुळ्याला माझ्याकडे आली. जावई म्हणाले, आमच्या इथं दवाखाना जवळ आहे. ती म्हणाली, "पहिलं आहे, माहेरीच." आता माहेरी कोण? मी. आणि एरंडोलहून माझी थोरली बहीण, अक्का, मदतीला. दवाखान्यात सगळं नीट झालं. मुलगी झाली. घरी आणली आणि त्या दिवसापासून थंडी वाढली. धुळ्याची थंडी बाहेरच्यांना खोटी वाटते. सकाळी नळाला हात लावला तर बोटं वळत नाहीत.

जावयांनी विजेचा हीटर आणला होता. अक्कानं त्याच्याकडे एकदा पाहिलं.

"हाई जाळीवर हाड शेकास का? मच्छर मारानं मशीन शे हाई."

पोरगी बाजेवरून म्हणाली, "आबा, आई असती तर शेक दिला असता ना?"

मी माळ्यावर चढलो. बिडाची शेगडी एकट्याला पेलेना, शेजारच्या रिक्षावाल्याला हाक मारली. दोघांनी खाली उतरवली, राखेचा खण झाडला, पाठीचा पत्रा बघितला. घट्ट होता.

आता हे घर स्लॅबचं. खिडकीला सरकती काच, दाराला रबराची पट्टी, छताला भोक कुठलं. मी अक्काला सगळं सांगितलं. अंगणात पेटव, निळी ज्योत जाऊ दे, वीट ठेव, काच हातभर उघडी. ती ऐकून घेत होती, मान हलवत होती. माझ्यापेक्षा वयानं मोठी, चार बाळंतपणं स्वतःची, नातवंडांची वेगळी. तिच्या मान हलवण्याला मी काय समजायचं?

आमच्यात दहा दिवस पुरुषानं बाळंतिणीच्या खोलीत पाय टाकायचा नाही. मी उंबऱ्याबाहेर खुर्ची टाकली. तिथूनच निखारे देत होतो, तिथूनच नातीचं रडणं ऐकत होतो. पहिल्या दिवशी वीट जागेवर होती. दुसऱ्या दिवशी ती भिंतीला लावून ठेवलेली दिसली. मी परत ठेवली. अक्का आतून बोलली, "भाऊ, दार लाव. पोरले वारा लागी जाई."

"वीट राहू दे."

"तुले काय समजस बाळंतपणातलं? तू काय बाई शे का?"

"ती असंच ठेवायची."

यावर अक्का म्हणाली, "तुन्ही बायको गई तधळपाइन तुले बठ्ठीकडे मरनच दिसस." म्हणजे ती गेल्यापासून मला सगळीकडे मरणच दिसतं.

पोरगी हसली आतून. मला बरं वाटलं नाही त्या हसण्यानं. आवाज जड होता, दातातून आल्यासारखा. "डोकं जड वाटतंय आबा," ती म्हणाली. अक्काचंही दुखत होतं. कपाळाला सुंठेचा लेप लावून बसली होती. थंडीनं दुखतं, म्हणाली. मी म्हटलं, जरा अंगणात येऊन बस. आली, आणि चहा होईपर्यंत तिचं डोकं उतरलं. आत गेली आणि जेवणापर्यंत परत धरलं. मी ते बघत होतो. दोनदा बघितलं. मग मी खिडकीची काच बाहेरून जाऊन सरकवली, तर आतून कोंबलेलं लुगडं बाहेर लोंबलं. बायकोचं लुगडं, लंगोटांसाठी ठेवलेलं. मी ते ओढून घेतलं. संध्याकाळी तिथं गोधडी होती.

आम्ही भांडलो. ओट्यावर, लोकांना ऐकू जाईल असं. ती म्हणाली, मी उद्याच एरंडोलला जाते. मी म्हणालो, जा. गेली नाही. पोरीला कोण बघणार? मला पोरीच्या अंगाला तेल लावता येणार होतं का? ज्यांना हे करता येतं ती माणसं घरात राहिली नव्हती. राहिलेल्यांतली ही एक, आणि तिला वाऱ्याची भीती होती. मला निखाऱ्याची.

पाचवीच्या दिवशी पूजा. पाटा-वरवंटा मांडून, हळदकुंकू लावून बायका सटवाई पूजतात. ती येऊन लेकराच्या कपाळी नशीब लिहून जाते म्हणतात. गल्लीतल्या बाया आल्या, खोली भरली, दार उघडंच राहिलं. मला हायसं वाटलं. गप्पा, हसणं, कुणीतरी म्हणालं, "नाक आबांचं घेतलंय, आता काय करायचं हिचं?" मी बाहेर बसून ऐकत होतो. दुपारी सगळ्या गेल्या. अक्का म्हणाली, डिंक संपला, लाडवांना आणून दे. मी बाजारात गेलो.

डिंक घेतला, खारीक घेतली. दुकानात गर्दी होती. परतताना पावलं आपोआप जोरात पडायला लागली. कारण सांगता येणार नाही. गल्लीत ऊन होतं, बाया दाणे निवडत होत्या, सगळं रोजच्यासारखं. घरात शिरलो तर आवाज नाही. लेकरू दूध पिऊन झोपलं असेल, असं मी स्वतःलाच सांगितलं.

दार लावलेलं. खाली फटीत चिंध्या. वीट माझ्या खुर्चीवर ठेवलेली, नीट, मधोमध. बाया जाता-येता वारा आत आला म्हणून अक्कानं अंगणातली सगळी बाभूळ शेगडीत घातली होती. घमेलं रिकामं होतं.

"अक्का."

काही नाही.

"पोरी."

पाचवा दिवस होता, मी आत जायचं नव्हतं. तो विचार मला आला, खोटं सांगत नाही. आला आणि गेला. मी दार ढकललं.

ऊब तोंडावर आली. छान, गोड ऊब. शेगडी भरगच्च लाल, धुराचा धागा नाही. अक्का भिंतीला टेकून, मान कलंडलेली. पोरगी बाजेवर. तिचे गाल लाल, ओठ लाल. वखारीतल्या त्या खोलीत मी पाहिलेला तोच रंग.

लेकरू तिच्या कुशीत गोधडीत होतं. मी ते आधी उचललं. गरम होतं, पण मान आणि हात नुसते लोंबत होते. काच फोडायचा विचार आला, हातात काही नव्हतं. लेकरू घेऊन अंगणात धावलो आणि ओरडलो. काय ओरडलो आठवत नाही. रिक्षावाल्याची बायको, आम्ही तिला भाभी म्हणतो, ती पिठाच्या हातानं आली.

"चाचा, पोर माझ्याकडे द्या. तुम्ही बेटीला काढा."

तिनं लेकराचे पाय धरले, तळवे चोळले, पाठीवर थापट्या मारल्या, उन्हात आणि वाऱ्यात उघडं धरलं. मी परत आत. पोरीच्या काखेत हात घातले आणि ओढलं, बाजेवरून खाली, फरशीवरून. तिचं डोकं उंबऱ्याला लागलं. रिक्षावाला आला, त्यानं अक्काला ओढलं. शेगडीला कुणी हात लावला नाही. आम्ही दवाखान्यातून येईपर्यंत ती रिकाम्या खोलीत जळत राहिली.

अंगणात पोरीला उलटी झाली. ते बघून मी देवाचे पाय धरले, उलटी करणारा माणूस जिवंत असतो. अक्का कण्हायला लागली. लेकराचा आवाज येत नव्हता. भाभी तोंडानं फुंकर घालत होती आणि मध्येच कुराणातलं काही म्हणत होती. मग एक बारीक आवाज आला, मांजराच्या पिलाचा असावा तसा. भाभी खाली बसली आणि रडायला लागली.

दवाखान्यात तिघींना नळ्या लावल्या. डॉक्टर पोरवयाचे होते. त्यांनी मला रागावलं नाही. म्हणाले, थोडा उशीर झाला असता तर तिघी गेल्या असत्या. मी विचारलं, लेकराचं काय? ते म्हणाले, "आत्ता श्वास चांगला आहे. मेंदूला प्राणवायू कमी पडला का, ते लगेच कळत नाही. वाढताना बघावं लागेल. ऐकते का, बघते का, मान कधी धरते. तेव्हाच कळेल."

मी म्हटलं, म्हणजे कधी? ते म्हणाले, महिने लागतील.

अक्का घरी आल्यावर दोन दिवस भिंतीकडे तोंड करून पडून होती. तिसऱ्या दिवशी उठली आणि म्हणाली, "सटवाईनं वाचवलं." भांडायला माझ्या अंगात काही उरलं नव्हतं. जायच्या दिवशी पिशवी भरताना शेगडीकडे बघत म्हणाली, "तुले नको तं मले दे. फागुनमां नातसून बाळंत व्हई."

"नाही देणार."

"मंग मी बाजारमधून दुसरी लिसू. शेगड्या काय कमी शेतस?"

मी तिला खोलीत नेलं आणि पाठीचा पत्रा दाखवला. म्हटलं, इथं नळी होती, साहेबानं ती शोभेला लावली नव्हती, निखाऱ्याचं विष बाहेर जायला लावली होती. तिनं पत्र्यावर बोट फिरवलं. "लोहारनं चांगला ठोकेल शे," म्हणाली आणि बसला निघाली. मी एरंडोलला तिच्या मुलाला फोन केला, सगळं सांगितलं, वीट, काच, सगळं. तो म्हणाला, "हो मामा, हो हो." मान हलवल्यासारखा आवाज होता.

पोरगी अजून माझ्याकडेच आहे. जावई येऊन-जाऊन असतात. सकाळी ऊन आलं की ती लेकराला मांडीवर घेऊन अंगणात बसते. ती स्वतः चांगली आहे. कधी कधी बोलता बोलता शब्द विसरते, मग माझ्याकडे बघते आणि मी दुसरीकडे बघतो.

आम्ही एकमेकांना सांगितलेलं नाही, पण दोघंही तेच करतो. मी तिला चोरून बघितलंय, लेकराच्या डोळ्यांसमोर बोट फिरवताना. आणि तिनं मला. आज ती अंघोळीला गेली तेव्हा मी पाळण्यामागं जाऊन उभा राहिलो, लेकराला दिसणार नाही असा, आणि टाळी वाजवली. नात दचकली, तिचे हात वर उडाले.

काल वाजवली होती, तेव्हा दचकली नव्हती. झोपेत असेल. मी परत वाजवली.